रिकाम्या जमिनीवरून अमेरिका का फुटली?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: १८६० मध्ये अध्यक्ष म्हणून निवडून आलेला लिंकन पुन्हापुन्हा सांगत होता की दक्षिणेकडच्या राज्यांत जी गुलामगिरी आहे तिला आम्ही हात लावणार नाही. वाद होता तो पश्चिमेकडच्या नव्या प्रदेशांत गुलामगिरी जाऊ द्यायची की नाही याचा. पण त्या प्रदेशांत गुलाम जवळजवळ नव्हतेच. मग अशा रिकाम्या जमिनीवरून देश फुटेल कसा? की ‘राज्यांचे अधिकार’ हेच खरं कारण होतं, आणि गुलामगिरीचं नाव त्याला मागाहून चिकटलं?

प्रश्नातली माहिती बरोबर आहे, हे आधी सांगतो. १८६० च्या जनगणनेत कॅन्सासची वस्ती एक लाखाच्या वर होती आणि गुलामांची नोंद होती २. नेब्रास्कात १५, युटात २९. लिंकनचं आश्वासनही खरं होतं, त्यात लपवाछपवी नव्हती. म्हणूनच ‘गुलामगिरीमुळे यादवी युद्ध झालं’ एवढं वाक्य लिहून मोकळं झालं तर तुमची शंका आहे तिथेच राहते. मी अमेरिकेचा इतिहास बरीच वर्षं महाविद्यालयात शिकवतोय, आणि मन लावून वाचणारा प्रत्येक विद्यार्थी कधी ना कधी याच जागी येऊन अडतो.

माझ्या मते खरा प्रश्न असा आहे: गुलामगिरी जिथे आहे तिथे तिला सुरक्षिततेची हमी मिळत असताना गुलाममालकांना ती पुरेशी का वाटली नाही? आणि ती हमी द्यायला तयार असलेला लिंकन प्रदेशांच्या बाबतीत एक पाऊलही मागे का सरला नाही?

दोन गोष्टी मात्र आधी मान्य करायला हव्यात. ‘दक्षिण’ नावाची एकजिनसी वस्तू नव्हती. युद्ध सुरू होण्यापूर्वी फुटली ती कापूस पिकवणारी सात राज्यं. व्हर्जिनियासारखी आणखी चार फुटली ती फोर्ट समटरवर, म्हणजे साउथ कॅरोलायनातल्या केंद्र सरकारच्या किल्ल्यावर, तोफा डागल्यानंतर, लिंकनने सैन्य मागवलं तेव्हा. डेलावेअर, मेरीलँड, केंटकी आणि मिसूरी ही गुलामगिरी असलेली राज्यं तर संघराज्यातच राहिली. उत्तरेकडेही तेच. कुणाला गुलामगिरी पाप वाटत होती, कुणाला मळेवाल्यांची सत्ता नको होती, आणि पुष्कळांना आपल्या शेजारी कृष्णवर्णीय माणूसच नको होता. त्यामुळे ‘का?’ याचं उत्तर माणसागणिक बदलतं. मी पुढे सांगतोय ते मुख्यतः कापूसराज्यांबद्दल आणि लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाबद्दल.

सुरुवात घटनेपासून करू. अमेरिकी व्यवस्थेत टेरिटरी म्हणजे अजून राज्य न झालेला प्रदेश. आपल्याकडच्या केंद्रशासित प्रदेशासारखा तो थेट केंद्राच्या अखत्यारीत. राज्याच्या आत गुलामगिरी ठेवायची की नाही हा त्या राज्याचा प्रश्न, याबद्दल १८६० पर्यंत जवळजवळ सगळे राजकारणी एकमत होते. टेरिटरीबद्दल मात्र नियम करण्याचा अधिकार घटनेने काँग्रेसला, म्हणजे अमेरिकेच्या संसदेला, दिला होता. १७८७ मध्येच ओहायो नदीच्या उत्तरेकडच्या मुलखात गुलामगिरीला बंदी घालणारा वटहुकूम निघाला होता. म्हणजे गुलामगिरीविरुद्ध ज्याला केंद्रातून काही करायचं असेल त्याला घटनेच्या चौकटीत जी मोठी मोकळी जागा होती, ती हीच. वाद टेरिटरीतच का पेटला याचं अर्धं उत्तर इथे आहे.

उरलेलं अर्धं कापसात. सरकी काढण्याचं यंत्र १७९३ मध्ये आलं आणि आखूड धाग्याचा कापूस परवडू लागला. १७९० मध्ये अमेरिकेत सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० मध्ये जवळजवळ ४० लाख. आफ्रिकेतून माणसं आणायला १८०८ पासून बंदी होती, म्हणजे ही वाढ मुख्यतः तिथेच जन्मलेल्यांची. कापूस जमीन चटकन थकवतो, म्हणून मळेवाले पश्चिमेकडे सरकत गेले: जॉर्जियातून अलाबामा, मग मिसिसिपी, लुइझियाना, टेक्सस. पन्नास-साठ वर्षांत सुमारे दहा लाख गुलाम जुन्या राज्यांतून या नव्या मुलखात हलवले गेले, त्यांतले कित्येक लाख बाजारात विकून. नवरा-बायको, आई-मुलं तोडून. व्हर्जिनियातल्या ज्या मालकाच्या जमिनीत कापूस होतच नव्हता त्यालाही या विस्तारात रस होता, कारण त्याच्याकडची माणसं दक्षिणेत विकली जात आणि न्यू ऑर्लिन्सच्या बाजारात ऐन उमेदीच्या मजुराला १८६० च्या सुमारास १,५०० डॉलरच्या वर भाव होता. नवी जमीन बंद झाली की हा भाव पडणार, कर्जासाठी तारण ठेवलेली ‘मालमत्ता’ पडणार, आणि वाढती गुलाम-लोकसंख्या जुन्याच राज्यांत साचत जाणार.

या साचण्याची भीती आज आपल्या लक्षात येत नाही. साउथ कॅरोलायना आणि मिसिसिपी या दोन राज्यांत निम्म्याहून अधिक लोक गुलाम होते. १८३१ मध्ये व्हर्जिनियात नॅट टर्नरच्या उठावात पन्नासहून अधिक गोरे मारले गेले होते, आणि हैतीतल्या गुलामांनी फ्रेंचांना हाकलून स्वतःचं राष्ट्र उभारल्याच्या आठवणीने मळेवाल्यांची झोप उडत असे. स्वातंत्र्याच्या कुंपणाने आपल्याला चहूबाजूंनी कोंडलं तर आतल्या आत आपला शेवट होईल, असं ते उघड बोलत. उत्तरेकडच्या गुलामगिरीविरोधकांचाही नेमका तोच हिशेब होता: कोंडा, म्हणजे ती हळूहळू विझेल. हिशेब बरोबर होता का, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण दोन्ही बाजू तोच हिशेब मांडून चालत होत्या, आणि राजकारण त्यावर चाललं.

तिसरी गोष्ट सिनेट, म्हणजे काँग्रेसचं वरचं सभागृह. खालच्या सभागृहातल्या, म्हणजे प्रतिनिधिगृहातल्या, जागा लोकसंख्येवर. तिथे पाच गुलामांमागे तीन माणसं धरण्याच्या कलमामुळे दक्षिणेला जास्तीच्या जागा मिळूनही उत्तर पुढे गेली होती. सिनेटमध्ये मात्र राज्य लहान असो की मोठं, दोनच सदस्य. म्हणून प्रत्येक नवं राज्य म्हणजे दोन मतं. १८१९ मध्ये मिसूरी राज्य व्हायला निघालं, आणि त्या वर्षाच्या अखेरीस दोन्हीकडे अकरा-अकरा राज्यं होती. न्यू यॉर्कच्या जेम्स टॉलमेजने मिसूरीत नवे गुलाम आणायला बंदी आणि पुढे जन्मणाऱ्या मुलांना पंचविसाव्या वर्षी मुक्ती अशी दुरुस्ती आणली. ती प्रतिनिधिगृहात पास झाली, सिनेटमध्ये पडली. १८२० ची तडजोड तुम्हाला ठाऊक असेलच: मिसूरी गुलामगिरीसह, मेन गुलामगिरीविना, आणि लुइझियाना खरेदीतल्या, म्हणजे १८०३ मध्ये फ्रान्सकडून विकत घेतलेल्या, उरलेल्या मुलखात ३६ अंश ३० मिनिटं अक्षांशाच्या उत्तरेला गुलामगिरी नाही. म्हाताऱ्या माजी अध्यक्ष जेफरसनने तेव्हाच लिहिलं की हा प्रश्न रात्री अचानक वाजलेल्या आगीच्या घंटेसारखा आपल्याला दचकवून गेला.

पुढची पंचवीस वर्षं घंटा दबली, कारण नवी जमीन आली नाही. मग टेक्सस आलं १८४५ मध्ये, आणि १८४६ मध्ये मेक्सिकोशी युद्ध. इथे मी वर्गात नेहमी थांबतो, कारण पुढचं सगळं या वर्षात आहे.

८ ऑगस्ट १८४६. पेनसिल्व्हेनियाच्या डेव्हिड विल्मटने मेक्सिकोशी वाटाघाटींसाठी पैसे मागणाऱ्या विधेयकाला एक ओळ जोडली: मेक्सिकोकडून जो प्रदेश मिळेल तिथे गुलामगिरी असणार नाही. विल्मट अध्यक्षांच्याच डेमोक्रॅटिक पक्षाचा. मतदान झालं तेव्हा पक्ष बाजूला पडले. उत्तरेचे डेमोक्रॅट आणि व्हिग (तेव्हाचा दुसरा मोठा पक्ष) एका बाजूला, दक्षिणेचे डेमोक्रॅट आणि व्हिग दुसऱ्या. तोवर अमेरिकेचं राजकारण टिकून होतं ते दोन्ही पक्ष दोन्ही भागांत पसरलेले होते म्हणून. या एका ओळीने ती वीण उसवली. ठराव प्रतिनिधिगृहात पुन्हापुन्हा पास होत राहिला आणि सिनेटमध्ये अडत राहिला.

विल्मटबद्दल मुलांचा एक गैरसमज मी आवर्जून दूर करतो. तो कृष्णवर्णीयांचा कैवारी नव्हता. गोऱ्या स्वतंत्र माणसाच्या हक्कांसाठी बोलतोय असं त्याने स्वतःच सांगितलं होतं. जिथे मळेवाला शंभर गुलाम घेऊन येतो तिथे चांगली जमीन त्याच्या घशात जाते आणि हातांनी कष्ट करणाऱ्या गोऱ्याला मजुरी मिळत नाही, मानही मिळत नाही, हा त्याचा मुद्दा. ओरेगनने राज्य होताना गुलामगिरीला बंदी घातली आणि त्याच घटनेत स्वतंत्र कृष्णवर्णीयांनाही मज्जाव केला. हे कडू आहे, पण हे ध्यानात न घेता विस्तारविरोधाला एवढी मतं कुठून मिळाली ते कळत नाही. गुलामगिरीच्या समूळ उच्चाटनाची मागणी करणारे थोडे होते, आणि त्यांना उत्तरेतच दगड खावे लागत. ‘नवी जमीन आमच्यासाठी मोकळी ठेवा’ म्हणणारे लाखो होते. रिपब्लिकन पक्षाने या दोन प्रवाहांना एकाच मागणीवर आणलं, आणि ती मागणी प्रदेशांची होती.

विल्मटनंतर चार भूमिका तयार झाल्या आणि पुढच्या चौदा वर्षांचं राजकारण त्यांच्यातच फिरत राहिलं. काँग्रेसने सगळ्या टेरिटरीत बंदी घालावी, ही पहिली. १८२० ची रेषा पॅसिफिकपर्यंत ओढावी, ही दुसरी. तिथे राहायला जाणाऱ्यांनी स्वतः ठरवावं, ही तिसरी. लुईस कॅसने मांडलेली आणि इलिनॉयच्या स्टीफन डग्लसने आपली केलेली. चौथी साउथ कॅरोलायनाचा सिनेटर कॅल्हूनची: टेरिटरी ही सगळ्या राज्यांची सामाईक मालमत्ता आहे, म्हणून कुठल्याही राज्याचा नागरिक आपले गुलाम घेऊन तिथे जाऊ शकतो आणि काँग्रेस त्याला अडवू शकत नाही. पुढचं वाचताना कोण कुठल्या भूमिकेवरून कुठल्या भूमिकेवर सरकतोय एवढंच पाहत जा.

१८५० च्या तडजोडीवर मी फार वेळ घालवणार नाही. कॅलिफोर्नियात सोनं सापडलं, माणसांचा लोंढा गेला, ते गुलामगिरीविना राज्य म्हणून आलं आणि सिनेटचा तोल सोळा विरुद्ध पंधरा असा कायमचा कलला. युटा आणि न्यू मेक्सिकोत रहिवाशांवर सोडलं. बदल्यात दक्षिणेला फरारी गुलामांचा कडक कायदा मिळाला. पकडलेल्या माणसाला ज्युरी नाही, स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभा नाही. आयुक्ताने त्याला मालकाकडे परत पाठवलं तर आयुक्ताला १० डॉलर, सोडलं तर ५. या कायद्याकडे मी ‘राज्यांचे अधिकार’ या मुद्द्यापाशी परत येतो.

सगळं खरोखर बिघडलं ते १८५४ मध्ये. डग्लसला शिकागोहून पश्चिमेला रेल्वे न्यायची होती. त्यासाठी कॅन्सास-नेब्रास्का मुलखात सरकार स्थापन व्हायला हवं, आणि सिनेटमध्ये दक्षिणेची मतं हवीत. त्या मतांची किंमत त्याने मोजली: १८२० ची रेषा रद्द, आता रहिवासी ठरवतील. चौतीस वर्षं ज्या मुलखात गुलामगिरीला बंदी होती तो मुलूख एका कायद्याने खुला झाला. उत्तरेत याचा अर्थ असा घेतला गेला की दक्षिणेशी केलेला कुठलाही करार टिकत नाही. व्हिग पक्ष संपला, रिपब्लिकन पक्ष जन्मला, आणि राजकारणातून जवळजवळ बाहेर पडलेला लिंकन परत आला.

‘रहिवासी ठरवतील’ हे कागदावर लोकशाहीचं वाटतं. प्रत्यक्षात काय झालं ते आकड्यांत बघा. १८५५ च्या सुरुवातीला कॅन्सासमध्ये मतदार मोजले, २,९०५ भरले. मार्चमधल्या निवडणुकीत मतं पडली ६,३०७. मिसूरीतून हत्यारबंद टोळ्या नदी ओलांडून आल्या, मतं टाकली आणि घरी गेल्या. त्यातून निवडून आलेल्या विधानसभेने कायदा केला की या टेरिटरीत गुलाम बाळगण्याचा हक्क नाही असं बोलणाऱ्या किंवा लिहिणाऱ्याला किमान दोन वर्षं सक्तमजुरी. गुलामगिरी टिकवायला आधी गोऱ्यांचं भाषणस्वातंत्र्य आणि मताधिकार मोडावा लागतो, हे उत्तरेतल्या सामान्य माणसाने इथे डोळ्यांनी पाहिलं. ज्याला गुलामांचं काही देणंघेणं नव्हतं तोही आता चिडला.

मे १८५६ च्या चार-पाच दिवसांत तर कहर झाला. २१ तारखेला गुलामगिरीविरोधकांचं लॉरेन्स गाव लुटलं गेलं. २२ तारखेला वॉशिंग्टनमध्ये सिनेटच्या सभागृहातच साउथ कॅरोलायनाच्या प्रेस्टन ब्रुक्सने मॅसॅच्युसेट्सच्या चार्ल्स समनरला काठीने बेशुद्ध होईतो मारलं, कारण समनरने कॅन्साससंबंधीच्या भाषणात ब्रुक्सच्या नातलग सिनेटरचा अपमान केला होता. २४ च्या रात्री कट्टर गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउन आणि त्याच्या माणसांनी पॉटवाटोमी ओढ्याकाठी पाच जणांना घराबाहेर ओढून तलवारींनी मारलं. दोन वर्षांनी, ऑगस्ट १८५८ मध्ये, कॅन्सासच्या मतदारांना कौल देता आला तेव्हा लेकॉम्प्टन गावी गुलामगिरीवाल्यांनी लिहिलेली राज्याची घटना स्वीकारण्याविरुद्ध ११,३०० मतं पडली, बाजूने १,७८८. त्याआधी अध्यक्ष ब्युकॅनन मात्र तीच घटना मंजूर करून घ्यायला झटले होते. डग्लस त्यावरून आपल्याच अध्यक्षाशी भांडला, आणि दक्षिणेने त्याला गद्दार ठरवलं.

यादरम्यान ड्रेड स्कॉटचा निकाल लागला, ६ मार्च १८५७ ला. ड्रेड आणि हॅरिएट स्कॉट या नवरा-बायकोने १८४६ मध्येच सेंट लुईसच्या न्यायालयात दावा लावला होता. लष्करी डॉक्टर असलेल्या मालकाने ड्रेडला इलिनॉय राज्यात आणि फोर्ट स्नेलिंगला, म्हणजे १८२० च्या रेषेच्या उत्तरेला, वर्षानुवर्षं ठेवलं होतं. म्हणून आम्ही स्वतंत्र आहोत असं त्यांचं म्हणणं. हा तपशील मी नेहमी जोर देऊन सांगतो, कारण या इतिहासात गोरे पुढारीच सगळं करतात असं चित्र उभं राहतं. पळून गेलेल्या हजारो माणसांनी आणि न्यायालयाची पायरी चढलेल्या या जोडप्याने प्रश्न झाकून ठेवणं अशक्य केलं. सर न्यायाधीश टॉनी यांच्या बहुमताच्या निकालाने सांगितलं की कृष्णवर्णीय माणूस अमेरिकेचा नागरिकच होऊ शकत नाही. आणि काँग्रेसला टेरिटरीत गुलामगिरीवर बंदी घालण्याचा अधिकार नाही, तेव्हा १८२० ची बंदीच घटनाबाह्य होती. कॅल्हूनची चौथी भूमिका आता देशाचा कायदा झाली.

यातून डग्लसची जी कोंडी झाली ती समजली की १८६० समजतं. काँग्रेसच जर बंदी घालू शकत नाही, तर काँग्रेसच्या कायद्याने अस्तित्वात आलेली टेरिटरीची विधानसभा कशी घालणार? १८५८ मध्ये फ्रीपोर्टच्या वादसभेत लिंकनने हेच विचारलं. डग्लस म्हणाला, गुलामगिरी टिकायला स्थानिक पोलिसी कायदे लागतात. रहिवाशांनी ते केलेच नाहीत तर ती टिकणार नाही. उत्तर व्यवहारात खरं होतं, पण दक्षिणेला ते ऐकवलं नाही. निकाल लागूनही हक्क मिळत नसेल तर केंद्राने प्रत्येक टेरिटरीत गुलाममालकाचं रक्षण करणारा कायदा करावा, अशी मागणी आली. एप्रिल १८६० मध्ये चार्ल्सटनच्या अधिवेशनात डेमोक्रॅटिक पक्षाने ती मान्य केली नाही, कापूसराज्यांचे प्रतिनिधी उठून गेले, आणि देशव्यापी म्हणावा असा शेवटचा पक्ष फुटला. लिंकन चाळीस टक्क्यांहूनही कमी मतांवर निवडून आला. पुढे फुटलेल्या अकरापैकी दहा राज्यांत त्याला एकही मत पडलं नव्हतं.

आता तुमच्या प्रश्नाचं मर्म. भांडण कशाचं आहे हे ओळखायची माझी रीत सरळ आहे: पुढाऱ्यांची भाषणं बाजूला ठेवायची आणि शेवटच्या घटकेला कोण काय सोडायला तयार होता आणि काय नव्हता ते बघायचं. मी फळ्यावर दोन रकाने आखतो आणि १८६०-६१ च्या हिवाळ्यातली कागदपत्रं मुलांनाच लावायला देतो.

लिंकनच्या ‘द्यायला तयार’ या रकान्यात पुष्कळ काही येतं. फरारी गुलामांचा कायदा राबवायला तो तयार होता. राज्यांतल्या गुलामगिरीला केंद्र कधीही हात लावणार नाही अशी घटनादुरुस्ती काँग्रेसने मार्च १८६१ मध्ये मंजूर केली होती. ती स्पष्ट आणि अपरिवर्तनीय करायलाही आपली हरकत नाही, असं तो शपथविधीच्या भाषणात म्हणाला. ‘तयार नाही’ या रकान्यात येते एकच गोष्ट. केंटकीच्या क्रिटेंडनने १८२० ची रेषा पॅसिफिकपर्यंत न्यायची योजना मांडली, तेव्हा लिंकनने आपल्या लोकांना खासगी पत्रांतून बजावलं की गुलामगिरीच्या विस्ताराबाबत कुठलीही तडजोड मान्य करू नका, संघर्ष व्हायचाच असेल तर नंतरपेक्षा आता झालेला बरा. क्रिटेंडनच्या योजनेत पुढे मिळवल्या जाणाऱ्या मुलखाचाही समावेश होता. हे शब्द किरकोळ नव्हते. क्यूबा विकत किंवा बळाने घेण्याची भाषा १८५४ पासून चालली होती, आणि विल्यम वॉकर नावाच्या साहसवीराने निकाराग्वा बळकावून १८५६ मध्ये तिथली गुलामगिरीबंदी रद्दही केली होती. कोरड्या न्यू मेक्सिकोत कापूस पिकणार नाही हे लिंकनला ठाऊक होतं. त्याच्या नजरेसमोर क्यूबा होता.

दुसऱ्या बाजूचे रकाने भरले की तुमच्या ‘राज्यांचे अधिकार’ या शंकेचंही उत्तर मिळतं. फुटलेल्या राज्यांपैकी काहींनी आपली कारणं स्वतः लिहून प्रसिद्ध केली. साउथ कॅरोलायनाची तक्रार आहे की उत्तरेकडची राज्यं फरारी गुलाम परत करत नाहीत, आणि न्यू यॉर्कमध्ये गुलामासह नुसतं जाऊही देत नाहीत. म्हणजे उत्तरेतली राज्यं स्वतःचे अधिकार वापरतायत, हीच तक्रार! १८५० च्या कायद्याने दक्षिणेने केंद्राचा हात उत्तरेतल्या राज्यांच्या आत घातला होता, आणि विस्कॉन्सिनने राज्याच्या अधिकाराची ढाल पुढे केली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने ती मोडून काढली होती. मिसिसिपी सुरुवातीलाच सांगते की आमची भूमिका गुलामगिरीशी पूर्णपणे जोडलेली आहे. जॉर्जियाच्या जाहीरनाम्यात प्रदेशांच्या वादाचा सविस्तर इतिहास आहे. आणि या राज्यांनी मार्च १८६१ मध्ये स्वतःची घटना केली, तेव्हा चौथ्या कलमात लिहिलं की नव्या मिळणाऱ्या प्रत्येक टेरिटरीत गुलामगिरीला मान्यता आणि संरक्षण राहील. तिथल्या रहिवाशांना नको असली तरी. ज्यांच्याकडे तेव्हा धड टेरिटरीच नव्हती त्यांनी हे कलम घातलं.

हमी पुरेशी का वाटली नाही, याचं आणखी एक कारण रोजच्या सत्तेत होतं. घटनादुरुस्तीने गुलामगिरी नष्ट करायला तीन चतुर्थांश राज्यं लागतात आणि पंधरा राज्यांत गुलामगिरी होती. ती भीती पुष्कळ दूरची. जवळची भीती अशी की अध्यक्ष पोस्टमास्तर नेमतो, जकात अधिकारी नेमतो, न्यायाधीश नेमतो. दक्षिणेतल्या चार गोऱ्या कुटुंबांपैकी जेमतेम एकाकडे गुलाम होते. बाकीच्यांतून उद्या लिंकनच्या नेमणुकांवर रिपब्लिकन पक्ष उभा राहिला, टपालातून गुलामगिरीविरोधी पत्रकं मोकळेपणी येऊ लागली, तर? गुलामगिरी चुकीची आहे असं मानणारा माणूस अध्यक्ष झाला, हेच मळेवाल्यांच्या दृष्टीने हमी पोकळ करायला पुरेसं होतं.

‘रिकामी जमीन’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं. ती रिकामी नव्हती. कॅन्सासमध्ये कॉ, ओसेज हे मूळचे लोक होते. शॉनी, डेलावेअर यांना तर पूर्वेकडून हुसकून, ही जागा तुमचीच राहील असं सांगून तिथे आणलं होतं. १८५४ मध्ये त्यांच्याकडून घाईघाईने जमिनी सोडवून घेतल्या गेल्या. गुलामगिरी हवी की नको यावर जीव घेणाऱ्या दोन्ही बाजूंचं याबाबतीत एकमत होतं. आणि ‘तिथे गुलाम नव्हतेच’ हेही जपून वापरा. मिसूरीच्या सरहद्दीवर गुलामांच्या श्रमावर तागासारखं पीक होतच होतं, आणि कॅन्सास त्याला लागून होतं. १८६० चा २ हा आकडा निसर्गाने ठरवलेला नाही. सहा वर्षांच्या भांडणाचा तो परिणाम आहे. वाद हरल्यावर मालक गुलामांना घेऊन निघून गेले.

दक्षिणेचे सदस्य काँग्रेसमधून उठून गेल्यावर १९ जून १८६२ ला सगळ्या टेरिटरीत गुलामगिरीला बंदी घालणारा कायदा झाला. ड्रेड स्कॉटचा निकाल बाजूला सारून. १८१९ पासून जे होत नव्हतं ते विरोधी बाकं रिकामी झाल्यावर सहज झालं. राज्यांतली गुलामगिरी संपायला मात्र डिसेंबर १८६५ ची तेरावी दुरुस्ती यावी लागली.

आपल्याकडे हा विषय दोन वाटांनी पोचला. युद्धात दक्षिणेची बंदरं अडली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला आणि मुंबईच्या सट्ट्याला जी तेजी आली ती १८६५ मध्ये युद्ध संपताच कोसळली. दुसरी वाट जोतीराव फुल्यांची. ‘गुलामगिरी’ हे पुस्तक त्यांनी १८७३ मध्ये अमेरिकेतल्या, गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलं. विल्मटसारख्यांचा स्वार्थ वाचल्यावर विद्यार्थी मला विचारतात, मग फुल्यांची समजूत भाबडी होती का? मला तसं मुळीच वाटत नाही. १८४६ ला गोऱ्यांच्या जमिनीसाठी सुरू झालेलं भांडण १८६५ पर्यंत गुलामगिरीच्या अंतापर्यंत पोचलं, ते गुलामगिरीतून पळून येऊन तिच्याविरुद्ध लढणाऱ्या फ्रेडरिक डग्लससारखे लोक (सिनेटर डग्लस वेगळा) मागे हटले नाहीत म्हणून, आणि उत्तरेच्या सैन्यात सुमारे १ लाख ८० हजार कृष्णवर्णीय लढले म्हणून. अर्पणपत्रिका त्या जिद्दीला आहे.

परीक्षेसाठी लिहिणार असाल तर ‘गुलामगिरी की राज्यांचे अधिकार’ अशी जोडी लावू नका. ‘राज्यांतली गुलामगिरी आणि प्रदेशांतली गुलामगिरी’ हा फरक आधी स्पष्ट करा, मग १८४६, १८५४, १८५७ आणि १८६०-६१ या क्रमाने जा. मूळ कागद वाचायची तयारी असेल तर तीनच सुचवतो: मिसिसिपीचा जाहीरनामा, फुटलेल्या राज्यांच्या घटनेचं चौथं कलम आणि लिंकनचं मार्च १८६१ चं भाषण. तिन्ही एका संध्याकाळी वाचून होतात. वाचताना दोन रकान्यांचा कागद जवळ ठेवा, आणि कुठली नोंद कुठे जाते याबद्दल अडलं तर ती ओळ इथे लिहा, मी बघतो.